होडीच्या तळाला एक इंची भोक: माझा अनुभव

पंपाच्या कामात मला बावीस वर्षं झाली. आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. नदीवरची मोटर, फूट व्हॉल्व्ह, सक्शन, डिलिव्हरी यातच हात घडला. ताकारी, टेंभू, म्हैसाळ अशा उपसा योजनांच्या या जिल्ह्यात पाणी वर चढवायचं काम कधी संपत नाही. पाणी खाली असतं, यायला तयार नसतं, कुठूनतरी हवा शिरते आणि पंपाची पाण्यावरची पकड सुटते. हे दुखणं मला नुसत्या आवाजावरून कळतं. होडीत मात्र सगळं उलटं. तिथं पाणी चोवीस तास आत यायला टपलेलं असतं, आणि आपण त्याला फक्त एका वाटेनं, आपल्या मर्जीनं येऊ द्यायचं असतं. हे डोक्यात पक्कं बसायला मला अख्खा जून लागला.

होडी माझ्या आयटीआयच्या मित्राची, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याची. फायबरची, एकवीस फुटी, आत दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. त्याच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, ती बरीच वर्षं चालवली आणि मग दोन वर्षं ती किनाऱ्यावर पालथी पडून होती. दुरुस्तीसाठी समुद्रावरची होडी सांगलीत का, असं गावात सगळ्यांनी विचारलं. कारण साधं आहे. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीला बंदी असते आणि दुरुस्तीला तेवढाच काळ मिळतो. पण त्याच दिवसांत कोकणात धो धो पाऊस. ओलसर हवेत, ओल्या फायबरवर रेझिन, म्हणजे फायबरचे थर जोडणारा चिकट द्रव, नीट धरत नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे जेमतेम त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. माझ्याकडे पत्र्याची मोठी शेड आहे आणि कुपवाडची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. मेच्या शेवटी होडी ट्रकवर घालून आंबा घाटानं वर आणली.

तळ घासणं, भेगा भरणं, रंग हे सगळं मित्रानं केलं. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेणारी लाइन तेवढी माझ्याकडे आली. मला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. तळाच्या भोकात नोजल, म्हणजे पाणी आत घेणारी आखूड नळी, त्यावर व्हॉल्व्ह, मग कचरा अडवणाऱ्या जाळीचं भांडं, पाइप आणि पंप. असं मी शेतात हजारदा केलंय.

जुनं नोजल काढताना पहिला धक्का बसला. पक्कड लावून जरा पिळलं तर त्याचा काठ बिस्किटासारखा तुटून हातात आला. आतला रंग पिवळा नव्हता, गुलाबी होता. ते पितळेचं होतं. बाजारच्या पितळेत जस्ताचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत असतं. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं आणि मागं उरतं ते तांब्याचं पोकळ जाळं. वरून बघितलं तर भाग शाबूत दिसतो, ताकद मात्र गेलेली असते. काका तो तुकडा तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. याच नोजलवर ते खोल पाण्यात गेले होते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. एक इंची भोक पाण्याच्या पातळीखाली एक फूट असेल, तर त्यातून मिनिटाला साधारण चाळीस लिटर पाणी आत येतं. तासाला अडीच हजार लिटर, म्हणजे अडीच टन. एकवीस फुटी होडी तेवढा वेळ टिकतच नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, ते आमच्याच तालुक्यात. त्या दुर्घटनेचं कारण वेगळं होतं, पण तेव्हापासून आमच्याकडं बोटीचं काम कुणी हलक्यात घेत नाही. मीही ठरवलं, शेतातली सवय बाजूला ठेवायची आणि प्रत्येक सांधा नव्यानं शिकायचा.

जुनं भोक पुन्हा वापरायचं नाही, हे काकांचं म्हणणं. कडा कुजट झाल्या होत्या. फायबरचं भोक बुजवताना नुसती पुटी भरून चालत नाही. जाडीच्या बारापट रुंदीचा उतार घासायचा असतो. आमचा तळ आठ मिलिमीटर जाड, म्हणजे भोकाभोवती चारी बाजूंनी जवळजवळ दहा सेंटिमीटर. एवढ्याशा भोकासाठी ताटाएवढा भाग घासला, मग लहान-मोठ्या चकत्या कापून काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर चढवले.

नवं भोक कुठं पाडायचं यावर दीड दिवस गेला. होडी डोलली तरी ते पाण्याबाहेर येता कामा नये, नाहीतर पंप हवा ओढणार. पंख्याच्या पुढं हवं. त्याच्या अगदी पुढं दुसरा कसला उंचवटा नको, कारण उंचवट्यामागं पाणी फेसाळतं आणि फेस म्हणजे हवाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत व्हॉल्व्हपर्यंत अंधारात, घाबरलेल्या माणसाचा हात पोचला पाहिजे. हे शेवटचं काकांनी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून, इंजिनाशेजारी गुडघ्यावर बसून हात खाली नेला आणि जिथं बोटं टेकली तिथं खडूनं फुली मारली. भोक तिथंच पाडलं. आधी आतून बारीक ड्रिल, मग बाहेर जाऊन ते कुठं निघालं याची खात्री, मग बाहेरून होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत. आयुष्यात इतकी भोकं पाडली, पण चांगल्या होडीच्या तळाला भोक पाडताना हात थांबतो. मित्र तर शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

तळ वाकडा आणि व्हॉल्व्हची बैठक सपाट, म्हणून मध्ये मरीन प्लायची १८ मिलिमीटर जाड गोल पाटी बसवली. तिच्या कडांना आणि भोकाच्या आतल्या बाजूला रेझिन नीट पाजलं. उघडं लाकूड राहिलं तर पाणी पिऊन ते आतून सडतं.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त सांगावासा वाटतो. गनमेटलचं नोजल आणि ब्राँझचा बॉल व्हॉल्व्ह आम्ही मागवला होता. जुळवून बघायला व्हॉल्व्ह नोजलवर फिरवला तर अडीच आटे जाऊन अडकला. नोजलचे आटे सरळ होते, व्हॉल्व्हचे निमुळते. शेतात असं झालं तर आपण काय करतो? टेफ्लॉन टेपचे चार वेढे वाढवतो, नाहीतर सूत-सफेदा लावतो आणि पान्यानं आवळतो. गळत नाही, विषय संपला. माझा हात टेपकडं गेलासुद्धा होता. काका म्हणाले, "थांब बाबा. गळत नाही ते ठीक, पण यावर पाय पडला तर?"

होडीत पाय पडतोच. जाळं ओढताना माणूस घसरतो, बर्फाची पेटी सरकते, हत्यार आदळतं. अडीच आट्यांवर उभा असलेला व्हॉल्व्ह मुळातून तुटला, तर व्हॉल्व्हच्या खालीच भोक मोकळं होतं. मग बंद काय करणार? अमेरिकेतल्या बोटींच्या मानकात अशा व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला ५०० पौंड, म्हणजे २२७ किलोचा भार तीस सेकंद सोसला पाहिजे, असं आहे. ते वाचल्यावर मी टेपचं रीळ खिशात घातलं.

खालून सरळ आटे, वरून निमुळते आणि पाटीवर तीन बोल्टनी बसणारी रुंद बैठक असलेली फ्लँज हवी होती. तयार मिळवायची तर आठवडे जाणार होते. मी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे ओतकामासाठीचा नमुना, करून कुपवाडला ओळखीच्या फाउंड्रीत नेला. गनमेटल म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के. जस्त इतकं कमी असलं की खारं पाणी त्याला सहजी खात नाही. ओतीव आलं, लेथवर आटे पाडले आणि नोजल शेवटपर्यंत, हातानं, मऊ फिरत गेलं. पंपांसाठी ओतकाम आणि लेथकाम करणारी माणसं आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली तेव्हापासूनचा हा वारसा. तो समुद्रातल्या होडीच्या तळाला उपयोगी पडला, याचा मला खरोखर अभिमान वाटला.

बसवणीला दोन माणसं लागतात. बाहेर तळाखाली काका, नोजल धरून. आत मी. मध्ये पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन लावू नये, पाण्याखाली त्याची पकड राहत नाही. बोलणं ऐकू येईना, म्हणून तळावर टकटक करायची ठरलं: एक टक म्हणजे आवळ, दोन म्हणजे थांब. सीलंट चहूबाजूंनी सारखा बाहेर आला की काकांनी दोन टक दिले. त्यानंतर तीन दिवस कुणी हात लावला नाही. सीलंट धरल्यावर पुन्हा पाना मारला तर पकड तुटते.

सीलंट वाळल्यावर मी व्हॉल्व्हवर एक पाय ठेवून उभा राहिलो, मग मित्र माझ्या खांद्याला धरून चढला. दोघं मिळून दीडशे किलो. मानकाइतकं नाही, पण केसभरही हललं नाही.

पाइप आत तार असलेला घेतला. शेतातला हिरवा सक्शन पाइप मजबूत असतो, पण त्याच्या वळ्यांवर क्लिप सारखी बसत नाही. प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूला. क्लिपा घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. दुकानात स्टेनलेस स्टीलची म्हणून दिलेल्या क्लिपेची पट्टी तशीच निघाली, पण स्क्रूला चुंबक कचकन चिकटलं. लोखंडावर मुलामा होता. खाऱ्या पाण्यात तो स्क्रू आधी जातो आणि पट्टी नुसती लोंबते.

सायफनचं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कालव्याच्या भरावावरून पाइप टाकून पाणी काढणारी माणसं आम्ही, सायफन धरला की शेतकरी खूश होतो. होडीत मात्र इंजिन थंड करून झालेलं पाणी सायलेन्सरमधून धुरासोबतच बाहेर जातं. इंजिन बंद केल्यावर सायफन धरला, तर पाणी सायलेन्सर भरून मागं इंजिनात शिरतं. म्हणून पाइपाचं एक वळण पाण्याच्या पातळीच्या फूटभर वर नेलं आणि माथ्यावर हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला. होडी दुसऱ्या होडीमागं ओढून न्यायची असेल, तेव्हाही तळाचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. पुढून येणारं पाणी जोरानं आत ढकललं जातं आणि इंजिन बंद असेल तर ते नको तिथं जातं.

चाचणीला शेडमध्ये दोनशे लिटरचा ड्रम ठेवून त्यातून पाणी दिलं. इंजिन सुरू झालं. एक्झॉस्टमधून पाणी आलं नाही. दहा सेकंद, वीस, तीस. मी बंद केलं. सांधा कुठंच गळत नव्हता, सगळं कोरडं. मग लक्षात आलं, हे तर माझंच रोजचं दुखणं: हवा! ड्रम खाली आणि जाळीचं भांडं वर, तेव्हा भांड्याचं झाकण सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. झाकणाचा ओ-रिंग मुरडून बसला होता. ग्रीस लावून सरळ बसवला. पण तोवर पंपाच्या रबरी इम्पेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाचं, एक पातं तुटलं होतं, कारण ते रबर पाण्याच्याच वंगणावर फिरतं. नवा इम्पेलर घातला. तुटलेला तुकडा सोडून देऊ नका. तो पुढं कुठंतरी अडकून पाणी अडवतो. आम्हाला तो इंजिनाच्या एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणाच्या जोडात, सापडला. दुसऱ्यांदा सुरू केल्यावर पाचव्या सेकंदाला एक्झॉस्टमधून पाणी फेकलं गेलं.

गळतीची चाचणी उलटी केली. व्हॉल्व्ह बंद करून होडीतच, नोजलभोवती वीतभर पाणी भरलं आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. रात्रभर ठेवलं. सकाळी कागद कोरडा.

जुलैच्या शेवटी कृष्णा चढायला लागली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे आकडे इथं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. कोल्हापूरकडं जाणाऱ्या अंकलीच्या पुलावरची वाहतूक थांबली तर होडी इथंच अडकणार, म्हणून दोन दिवस आधीच ट्रक काढला.

मिरकरवाड्याला होडी पाण्यात उतरली तेव्हा व्हॉल्व्ह बंदच होता. मी आत गुडघ्यावर बसून टिश्यूपेपरनं फ्लँजभोवती पुसलं. कोरडं. मग काकांनी हात खाली नेला, न बघता, आणि दांडी फिरवली. जाळीच्या काचेत पाणी चढताना दिसलं. तासभर होडी चालवून आणल्यावर पंपाकडची एक क्लिप ओलसर वाटली, तिला अर्धा फेरा दिला.

काकांनी पांगाऱ्याच्या मऊ लाकडाची निमुळती खुंटी आधीच तासून ठेवली होती. व्हॉल्व्ह कधी दगा देईल त्या दिवशी ठोकायला. ती त्यांनी नायलॉनच्या दोरीनं व्हॉल्व्हच्या मानेला बांधली, दोन गाठी मारल्या, आणि मला म्हणाले, "आता तू एकदा डोळे मिटून शोध."

पहिल्या वेळी माझा हात पाइपावर गेला. दुसऱ्या वेळी खुंटी सापडली.