ए-फोर आणि उणे ४

लालबागच्या एका रात्रशाळेत मी बारा वर्षे आठवीला बीजगणित शिकवतो आहे. साडेसहाला वर्गात येणारे विद्यार्थी दिवसभर कुठे ना कुठे राबून आलेले असतात आणि त्यांच्यापुढे घोकंपट्टी फार टिकत नाही, हे ठाऊक असूनही ऋण घातांक मात्र मी दरवर्षी घोकंपट्टीनेच उरकत आलो होतो: घातांकाला उणे चिन्ह दिसले की संख्या छेदात न्यायची आणि चिन्ह पुसायचे.

गेल्या जुलैत चाचणीचे कागद तपासताना या उरकण्याची किंमत कळली. २ चा उणे ३ वा घात किती, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक जणांनी उणे ८ लिहिले होते, दोघांनी उणे ६, आणि ज्यांचे १/८ हे बरोबर उत्तर आले होते त्यांनाही ते का आले हे सांगता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ८, ४, २, १ असा उतरत गेलो. घातांक ३ पासून एकेकाने घटत शून्यापर्यंत येतो, तसतशी संख्या दरवेळी निम्मी होते. मग शून्याशीच थांबायचे कारण काय, म्हणून पुढे १/२, १/४, १/८. (मिखाएल श्टिफेल या जर्मन गणितज्ञाने १५४४ साली छापलेल्या ग्रंथात हीच माळ मांडली होती, हे सांगण्याचा मोह मला आवरला नाही, वर्गावर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही.)

छापखान्यात कटिंग मशीनवर काम करणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, दोन तीन वेळा घेऊन गुणायचा, हे समजतं. उणे तीन वेळा घ्यायचा म्हणजे कसा?"

प्रश्न रास्त होता. 'तितक्या वेळा घेऊन गुणणे' हा अर्थ उणे घातांकाला लागूच पडत नाही. तिथे नवा अर्थ आपणच ठरवतो, आणि तो असा ठरवतो की गुणाकारात घातांकांची बेरीज करण्याचा नियम मोडू नये. २ चा ३ रा घात गुणिले २ चा उणे ३ वा घात म्हणजे २ चा शून्यावा घात, अर्थात १. तेव्हा ८ ला गुणल्यावर १ देणारी संख्या १/८ खेरीज दुसरी असू शकत नाही. त्याने मान डोलावली, पण ती सरांचा मान राखण्यापुरती.

हातात चाचणीचे कागद होते. मी विचारले, "याला ए-फोर का म्हणतात?"

"ए-झीरो चार वेळा निम्मा केला की ए-फोर होतो. पण आमच्याकडे ए-झीरो येतच नाही, तेवीस-छत्तीस इंची येतो."

ए-झीरोचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर धरलेले आहे, एवढेच मी पुढे सांगितले. म्हणजे तो २ चा शून्यावा घात, ए-वन हा उणे १ वा आणि ए-फोर हा उणे ४ वा, म्हणजे १/१६ चौरस मीटर. कागदाच्या नावातला आकडा हा घातांकच आहे, फक्त त्याचे उणे चिन्ह कोणी लिहीत नाही. तो क्षणभर गप्प राहिला आणि मग तोंडी हिशेब करू लागला: ऐंशी जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाचे) पान, ऐंशी भागिले सोळा म्हणजे पाच ग्रॅम, पाचशे पानांची रीम अडीच किलो. "बरोबर आहे सर, रोज उचलतो मी." मग उणे ८ लिहिणाऱ्या शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, "कागद कितीही काप, उणे होतो का?"

जे वाक्य मला बारा वर्षांत सुचले नव्हते, ते हेच.

शिवणकाम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, पायाच १/२ असेल तर उणे ४ वा घात किती? कटिंगवाल्यानेच उत्तर दिले: मग कापलेले उलट जोडत जायचे, १६. खात्री करायला त्यांनी चाचणीची सोळा पाने जमिनीवर चार-चारच्या ओळींत मांडली आणि शाळेच्या लाकडी मीटरपट्टीने मापली: ८४० बाय ११८८ मिलीमीटर. ए-झीरो ८४१ बाय ११८९ चा असतो. उरलेला एकेक मिलीमीटर कुठे गेला, यावरून तो माझ्याशी दहा मिनिटे वाद घालत होता; ८४१ चे निम्मे करताना वरचा अर्धा मिलीमीटर सोडून ४२० च धरतात, हे फळ्यावर करून दाखवल्यावर तो म्हणाला, "असं सोडलं तर आमचे शेठ ओरडतात."