महागड्या नॉर्वेत स्वस्तातली भटकंती

नॉर्वे महाग आहे ही ओरड खरी, पण ती हॉटेल, रेस्टॉरंट आणि भाड्याच्या गाडीपुरती. राष्ट्रीय उद्यानांत शिरायला तिथे तिकीट नाही. राहतात तीन खर्च: मुक्काम, जेवण, प्रवास. त्यातला पहिला, म्हणजे सगळ्यात मोठा, 1957 च्या एका कायद्यामुळे शून्यावर आणता येतो.

'अलेमान्सरेतन', म्हणजे सर्वांचा हक्क. न कसलेल्या मोकळ्या जमिनीवर, मग ती खासगी का असेना, कुणीही चालू शकतो, तंबू ठोकू शकतो. अटी दोन. राहत्या घरापासून किंवा केबिनपासून किमान 150 मीटर लांब राहायचं, आणि मालकाला न विचारता एका जागी दोनपेक्षा जास्त रात्री काढायच्या नाहीत. उंच डोंगरात आणि वस्तीपासून फार दूर ही दोन रात्रींची मर्यादा नाही.

घोटाळा होतो तो गवताच्या बाबतीत. फ्योर्डकाठची (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी) सपाट हिरवी जागा तंबूसाठीच केल्यासारखी दिसते, पण ते बहुधा वैरणीचं शेत असतं, आणि शेतात तंबू चालत नाही. एकसारख्या उंचीचं गवत, कुंपण, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसल्या की पुढे चला. झुडपं, दगड, उंचसखल माळ असेल तर हरकत नाही. लोफोटेनसारख्या गर्दीच्या भागात काही जागांवर स्थानिक बंदी असते. तिथे पाटीवर लिहिलंय ते पाळायचं.

15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटीला बंदी असते, म्हणजे नेमकी सुट्टीच्या हंगामात. स्वयंपाक स्टोव्हवरच धरून चाला. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो उतरल्यावरच घ्यायचा. म्हणून स्टोव्ह फिरवून बसवायच्या, आटे (थ्रेड) असलेल्या डब्यावर बसणारा हवा, तो डबा सहज मिळतो. वापरलेला स्टोव्ह धुऊन वाळवून न्या, इंधनाचा वास आला तर विमानतळावर अडवू शकतात. 230 ग्रॅमच्या डब्यात वारा नसताना साधारण 12 लिटर पाणी उकळतं. वाऱ्यात हा हिशेब पार कोलमडतो, तेव्हा आडोसा करा. पण डब्याभोवती पूर्ण वेढा नको, डबा तापतो.

पैसे ओतायचे तर झोपण्याच्या सामानात. डोंगरात जुलैतही रात्री पारा शून्याजवळ जाऊ शकतो. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे एकाहून जास्त आकडे असतात, त्यातला 'कम्फर्ट' बघा आणि तो शून्य अंश किंवा त्याखाली असू द्या. 'लिमिट'चा आकडा आकर्षक दिसतो, पण त्या तापमानाला माणूस जेमतेम रात्र काढतो. मॅटची आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता, 3 च्या वर हवी, कारण अंगाखाली दबलेली बॅग ऊब धरत नाही. थंडी जमिनीतूनच चढते. तंबू तळ्याच्या अगदी काठावर नको. थंड हवा खोलगट जागी साचते, दमट असते आणि पहाटे तंबू आतून ओला होतो. दहा-पंधरा मीटर चढून वर लावला तरी फरक पडतो.

प्रवासात गाडी टाळायची तर ओस्लो-बर्गन रेल्वे धरा. तिकीट जितकं आधी काढाल तितकं सहसा स्वस्त. या मार्गावरचं फिन्से स्टेशन 1,222 मीटरवर आहे, तिथे मोटाररस्ता जात नाही आणि फलाटावरूनच पायवाटा सुटतात. खुणेसाठी दगडांवर लाल 'टी' रंगवलेला असतो. तिथून आउरलान्सदालेन दरीतून उतरायला साधारण चार दिवस लागतात. जुलैच्या मध्यापर्यंत वरच्या टप्प्यात बर्फ असतो, त्यामुळे ऑगस्ट बरा. बर्फ वितळून फुगणारे ओढे दुपारनंतर जास्त जोरात वाहतात. ते सकाळी लवकर ओलांडा. वेळ कमी असेल तर याच मार्गावरच्या म्युर्दाल स्टेशनला उतरा. तिथून फ्लॉमला जाणारी प्रसिद्ध गाडी सुमारे 20 किलोमीटरसाठी भरपूर पैसे घेते. ती गाडी जाते तीच दरी उतरत चालत गेलात तर एक दिवस जातो आणि धबधबे खिडकीतून बघावे लागत नाहीत.

सलग पाऊस लागला तर तंबूचा हट्ट नको. नॉर्वेजियन ट्रेकिंग असोसिएशनच्या सुमारे 550 केबिन आहेत. जिथे कर्मचारी नसतात अशा बऱ्याच केबिनना एकच ठरावीक किल्ली लागते. ती सदस्यांना अनामत भरून मिळते. एखाद-दोन रात्रींचे पैसे बाजूला ठेवूनच बजेट आखा.

जेवणाचं फार काही नाही. किवी किंवा रेमा 1000 या स्वस्त सुपरमार्केटमध्ये ओट्स, पास्ता, ब्रेड घ्यायचं. नळाचं पाणी पिण्यासारखंच असतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच भरून घ्या. ऑगस्टमध्ये रानातल्या ब्लूबेरी फुकट. समुद्रात गळ टाकायला परवाना लागत नाही, फक्त मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपासून 100 मीटर लांब राहायचं. नदी-तळ्यात मात्र सहसा मासेमारीचं कार्ड घ्यावं लागतं. आणि प्लास्टिकची रिकामी बाटली फेकू नका. तिच्या किमतीत अनामत धरलेली असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळते.