आता सही नवऱ्याची

लग्न ठरल्याचं मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं, तर अभिनंदनाच्या आधी पहिला मेसेज आला, "सुटलीस गं!" राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत लागल्याची तिची तारीख २०१५ची, माझी २०१९ची. दोघीही ईबी-टू या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या वर्गात, दोघीही भारतात जन्मलेल्या. मी २०२४च्या उन्हाळ्यात कागद भरले तेव्हा व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुणाचा नंबर आला ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, आमच्या रांगेला २०१२ची तारीख चालू होती. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाला त्यातला ७ टक्क्यांच्या आसपास वाटा, मग तो देश भारत असो की आइसलँड. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याबायकोला मात्र ही मोजदादच लागू नाही. वर्षानुवर्षं पुलांच्या गर्डरची गणितं करूनही जी रांग हलत नव्हती, ती लग्नाच्या एका दाखल्याने माझ्यापुरती नाहीशी झाली. मैत्रीण अजून रांगेतच आहे. त्याबद्दल आम्ही फारसं बोलत नाही.

नवरा न्यू जर्सीचाच, युनियनमधला इलेक्ट्रिशियन. त्याची आजी १९५०च्या दशकात पोर्टो रिकोहून इथल्या पर्थ अँबॉय शहरात आली. पोर्टो रिकोच्या लोकांना १९१७पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, त्यामुळे आजी तिकीट काढून विमानात बसली आणि इथे उतरली. विषय संपला. त्या घरात तीन पिढ्यांत कुणी व्हिसा बघितलेला नाही. सासूबाईंना माझ्या पासपोर्टमधला एच-वनचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, स्टिकर दाखवला, तर त्यांनी चष्मा लावून तो नीट वाचला आणि विचारलं, "तुझ्या पासपोर्टवर कंपनीचं नाव कशाला?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता.

पण खरंच, सगळंच कंपनीच्या नावावर होतं. एच-वनचा अर्ज कंपनी करते, त्यावर सही कंपनीची. ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० सुद्धा कंपनीचाच. नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. एच-वनची सहा वर्षं संपत आल्यावर पुढची तीन वर्षं मिळाली तीही त्या आय-१४०च्या जोरावर. वकिलाकडे नव्या फाइलचे फॉर्म समोर आले तेव्हा मी आधी शेवटची पानं उलटून सह्यांच्या जागा बघितल्या. आय-१३०वर, म्हणजे बायकोसाठीच्या अर्जावर, सही नवऱ्याची. आय-८६४वरही त्याचीच. माझी सही मुख्यतः आय-४८५वर, म्हणजे ग्रीन कार्डाच्या माझ्या अर्जावर.

हा आय-८६४ भारी प्रकार आहे. माझा खर्च निघेल एवढं उत्पन्न आपल्याकडे आहे, मी सरकारी मदत घेतली तर ती भरून देईन, असं नवरा सरकारला लिहून देतो. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी हवं. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. ती सुटते मी नागरिक झाले तर, माझी कामाची ४० क्वार्टर्स, म्हणजे तिमाह्या, भरली तर, मी देश कायमचा सोडला तर, नाहीतर दोघांपैकी एक वर गेलं तर. नवऱ्याने ते दोनदा वाचलं आणि सही करता करता म्हणाला, "म्हणजे लग्नापेक्षा हे पक्कं." क्वार्टर्स माझी अर्ध्याहून जास्त आधीच भरलेली होती हे मी त्याला मुद्दाम सांगितलं.

बाकी कागदांचं लवकर उरकते. माझ्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच रिकामा होता, आपल्याकडे हे फार जणांचं असतं. बाबांनी साताऱ्यात नगरपालिकेत जाऊन नाव घालून आणलं. मेडिकलला टीबीची चाचणी रक्ताची असते, त्यामुळे लहानपणीच्या बीसीजी लसीने गोंधळ होत नाही. लग्न खरं असल्याचे पुरावे म्हणून घराचा करार, गाडीचा विमा, एकत्र भरलेला टॅक्स, फोटो. आमच्या साताऱ्याच्या फोटोंत आम्ही दोघं मावश्यांच्या गर्दीत एकमेकांपासून हातभर लांब उभे. वकीलबाई म्हणाल्या, जरा जवळ उभे असलेले नाहीत का?

भांडण झालं ते वर्क परमिटवरून. आय-१३०चे ६७५ डॉलर, आय-४८५चे १,४४०, वर्क परमिटचे वेगळे २६०. प्रवासाच्या परवान्याचे ६३० मी वाचवले, कारण एच-वनचा शिक्का चालू असला तर आय-४८५ प्रलंबित असतानाही त्यावर जाऊन परत येता येतं. इतर बऱ्याच व्हिसांवर ही सोय नाही, तिथे परवान्याशिवाय देश सोडला की अर्जच बाद. तर परमिटचं कार्ड आलं आणि नवरा खूश. आता ही कंपनी सोड, हवं तिथे काम कर. मी कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि एच-वनवरच काम चालू ठेवलं.

त्याला कारण कळेना. मी सांगितलं की परमिटवर दुसरीकडे रुजू झाले की एच-वन संपलं, मग माझं इथलं राहणं फक्त या अर्जावर टांगलेलं. अर्ज नाकारला गेला तर खाली काही नाही. "का नाकारतील?" मग मला पुढचंही बोलावं लागलं. आय-१३० करणारा माणूस तो अर्ज मंजुरीआधी कधीही मागे घेऊ शकतो.

"मी मागे घेईन असं वाटतं तुला?"

"नाही वाटत. पण कंपनीही चांगलीच होती."

हे वाक्य त्याला लागलं. दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी जेवताना तोच म्हणाला, "हॉस्पिटलला आम्ही जनरेटर बसवतो, ते काही वीज कंपनी वाईट म्हणून नव्हे." त्यानंतर हा विषय निघाला नाही. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते: एच-वन टिकवता येत असेल तर ग्रीन कार्डाची मुलाखत होईपर्यंत टिकवा, नवरा कितीही चांगला असला तरी. चांगला असेल तर समजून घेईलच.

नेवार्कच्या मुलाखतीची धास्ती उगाच घेतली होती. लग्नाबद्दल शंका असेल तर दोघांना वेगळं बसवून तेच प्रश्न विचारतात, त्याला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात, आणि त्याच्या कहाण्या वाचून आम्ही उशांचे रंग पाठ केले होते. विचारलं ते असं: कुठे भेटलात, सासूबाईंचं नाव काय, कामावर आधी कोण निघतं. नवरा सकाळी साडेपाचला निघतो हे ऐकून अधिकाऱ्यालाच हसू आलं.

कार्ड आलं ते दोन वर्षांचं. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसली की असंच सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत शर्त काढण्याचा आय-७५१ भरायचा, ७५० डॉलर, आणि त्यावर दोघांच्या सह्या. नातं मोडलं किंवा छळ झाला तर एकटीलाही सवलत मागून तो भरता येतो. नागरिक नवऱ्याकडून छळ होत असेल तर सुरुवातीचा अर्जसुद्धा बाईला स्वतःच्या नावाने करता येतो. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींना हे माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कार्ड हातात आल्यावर मी नोकरी बदलली. ऑनलाइन अर्जात नेहमीचा प्रश्न होता, आता किंवा पुढे कधी तुम्हाला व्हिसासाठी स्पॉन्सर लागेल का. 'नाही'वर टिचकी मारली आणि पुढच्या पानावर गेले.

बाबांचा फोनवर दर रविवारी एकच प्रश्न असतो, "मग पासपोर्ट सोडणार का?" नागरिकाशी लग्न करून त्याच्यासोबत राहिलं की कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एरवी पाच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे निळा पासपोर्ट परत करून ओसीआय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड. नवऱ्याला विचारलं तर तो नागरिकत्वाचा फॉर्म एन-४०० बघून म्हणाला, यात माझी सही कुठेच नाही, तूच ठरव. अजून ठरलेलं नाही.