शेणाने लिंपलेली होडी

आमच्या कोल्हापूरच्या घरी, माळ्यावर, आजीच्या वेळची एक कणगी अजून जपून ठेवलेली आहे. कळकाच्या कांबींची ती वीण आतून-बाहेरून शेणाने लिंपलेली असून, आजी दर सुगीला धान्य भरण्याआधी तिला नव्याने हात फिरवीत असे. गेल्या वर्षी मध्य व्हिएतनाममधील होई आन या गावाजवळ एका गोल होडीत पाय ठेवताना मला सर्वप्रथम त्या कणगीचीच आठवण झाली.

या होडीला तिकडे थुंग चाय म्हणतात. तिला नाळ नाही आणि वरवंडीही नाही. ती बांबूची एक मोठी, साधारण दोन मीटर व्यासाची दुरडीच असते. वल्हवणारी बाई पुढच्या कडेला बसून एकच वल्हे पाण्यात आडवे-तिडवे फिरवते आणि होडी सरळ जाते. विणून झाल्यावर फटी बुजविण्यासाठी तिला शेण चोपडतात, ते उन्हात कडक वाळले की वरून झाडाच्या चिकाचा थर देतात, असे आमच्या वाटाड्याने सांगितले, तेव्हा मला राहवेना आणि मी कडेवर हात फिरवून पाहिला. चिकाखाली वीण हाताला स्पष्ट लागत होती. हल्ली फायबरच्या होड्याही मिळतात, परंतु लाट आदळली असता बांबूची होडी जशी किंचित दबते आणि पुन्हा फुगते, तसे लवणे फायबरला साधत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उत्तरेकडील लाल नदीच्या खोऱ्यात तर गावाची ओळखच बांबूच्या कुंपणाने होत असे. काटेरी बांबूची दाट बेटे गावाभोवती लावलेली असत. चोर, वादळ आणि पुराचे पाणी यांना ती थोपवीत आणि आत शिरायला वेस तेवढी मोकळी राही. ‘राजाचा कायदा गावच्या रीतीपुढे हरतो’ ही त्यांची म्हण त्या हिरव्या तटाच्या आतल्या बाजूनेच सुचली असावी. त्यांच्या एका दंतकथेतही बांबूच कामी येतो. तीन वर्षांचा होईपर्यंत एक शब्दही न बोललेला फू डोंग गावचा झ्योंग शत्रू चालून येताच बोलू लागतो, पाहता पाहता थोराड होतो आणि लोखंडी घोड्यावर बसून लढायला निघतो. ऐन लढाईत हातातले लोखंडी शस्त्र मोडते, तेव्हा तो वाटेवरचे बांबू उपटून त्यांनी शत्रूला पिटाळतो. घोड्याच्या तोंडातून निघणाऱ्या आगीने होरपळलेले बांबू तेव्हापासून पिवळे झाले, असे तिकडे सांगतात. या झ्योंगच्या उत्सवाला युनेस्कोने 2010 साली आपल्या वारसा-यादीत स्थान दिले. लोखंड मोडले तिथे बांबू कामी आला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांच्या नववर्षाला, म्हणजे तेतला, अंगणात नेउ नावाचा उंच बांबू उभारतात. शेंड्याची पाने तेवढी ठेवतात आणि वर भुताखेतांना दूर ठेवणाऱ्या वस्तू टांगतात. आपली गुढी त्याच दिवशी सूर्यास्ताला उतरते, त्यांचा नेउ मात्र परंपरेने सातव्या दिवसापर्यंत उभा असतो. याच सणाचा चिकट तांदळाचा चौकोनी बान चुंग पानात गुंडाळून बांबूच्या पातळ पट्ट्यांनी बांधतात आणि खाताना सुरी लावत नाहीत. त्याच पट्ट्या तो उलटवण्याआधी खाली आडव्या-उभ्या आणि तिरप्या मांडायच्या आणि टोके ओढायची, की आठ सारखे तुकडे पडतात. बांधणारी वस्तूच कापण्याच्या कामी येते, एवढी काटकसर मी दुसरीकडे पाहिली नाही.

जुना बांबू थकतो तसे कोंब फुटतात, असेही तिकडे म्हणतात. जमिनीखालच्या एकाच कंदातून, जुन्या काठ्यांच्या बळावर, नवा कोंब एका हंगामात पूर्ण उंची गाठतो. बेट हे खरोखर एक कुटुंब असते. आपल्याकडेही ‘वंश’ या एकाच शब्दाला वेळू आणि कूळ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि म्हणूनच लग्नात वंशपात्राचे दान होते व वेळू चुलीत घालू नये असे आजी बजावीत असे. हे दोन समाज इतक्या दूर राहून एकाच झाडाकडे पाहून एकच गोष्ट शिकले, याचा मला आनंद वाटतो.

यंदा पाडव्याआधी गुढीसाठी काठी आणायला मी बुरुड गल्लीत गेले. जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्यांचेही दिवस जवळ आले होते. ओळखीच्या मावशी कोयतीने कांब चिरत बसल्या होत्या; पाते गाठीवर अडले की त्या मनगटाला हलका झटका देत आणि कांब टोकापर्यंत सरळ उलत जाई. मी त्यांना फोनवर थुंग चायचा फोटो दाखवला. त्यांनी कोयती खाली ठेवली, हात पदराला पुसले, फोटो बोटांनी मोठा केला आणि कडेवरची वीण बराच वेळ निरखली.

“काठ आपल्या हाऱ्यासारखाच मारलाय,” त्या म्हणाल्या. “पण ताई, बूड कुठनं धरलंय ते काय दिसंना. उलटी करून फोटो काढायचा हुता की.”