भिंतीवरच्या कॅलेंडरची साक्षांकित प्रत

सहकारी संस्थांचे हिशेब लेखापरीक्षणासाठी तयार करणे, वार्षिक सभेची कागदपत्रे लावून देणे आणि अनुदानाचे प्रस्ताव लिहिणे या कामांवर माझे नागपुरातले छोटेसे कार्यालय चालते. यांपैकी प्रस्तावाच्या कामाचा मला काहीसा अभिमान होता. माझ्या अहवालात तक्ते नीट असतात, बेरजा चुकत नाहीत आणि ज्या खात्याला जे वाचायला आवडते ते पहिल्या दोन पानांतच येते, असे माझे मला वाटत असे. गेल्या काही वर्षांत हा अभिमान एकाच दिवशी उतरला, तो पावसाळ्यातला दिवस होता आणि ठिकाण होते दिघोरीच्या पुढच्या एका वस्तीतला भाड्याचा हॉल.

तिथे २४ महिलांची एक सहकारी संस्था ज्वारीचे धापोडे, म्हणजे पापडासारखे वाळवण, मुंगवड्या आणि कुरडया तयार करते. धापोड्यांसाठी ज्वारी काही दिवस भिजत घालावी लागते, मग धुऊन, वाटून, शिजवून तो पातळ घाटा ओल्या कापडावर गोल पसरायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यांतले ऊन, ज्याला बाकी सगळे शिव्या देतात, तेच या संस्थेचे खरे भांडवल. पावसाळा लागला की काम जवळजवळ बंद पडते. म्हणून वाळवणीचे यंत्र, दळण्याचे यंत्र आणि पॅकिंगचे यंत्र घ्यावे व त्यासाठी कुठे अनुदान मिळते ते पाहावे, असा ठराव सभेने केला आणि संस्थेच्या सचिव तो ठराव घेऊन माझ्याकडे आल्या.

आम्ही आधी एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीकडे गेलो होतो. तिथे दोन महिने गेल्यावर कळले, की २०१३ च्या कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे हा निधी कलम ८ खालची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी, नोंदणीकृत न्यास किंवा नोंदणीकृत सोसायटी यांच्यामार्फत खर्च करता येतो, आणि त्यांच्याकडेही १२अ व ८०जी ही धर्मादाय संस्थांना मिळणारी प्राप्तिकर सवलतीची प्रमाणपत्रे असावी लागतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली आमची संस्था नावात ‘संस्था’ असूनही या यादीत बसत नव्हती. सदस्यांना नफा वाटू शकणारी संस्था आणि धर्मादाय संस्था यांतला हा फरक मला आधीच सांगता यायला हवा होता. तो मी सांगितला नाही, कारण मला तो अर्धवट माहीत होता.

त्यानंतर आम्ही २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेकडे वळलो. योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन ठरवून दिलेले असते, त्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ यादीत नागपूरच्या वाट्याला संत्रे आलेले असल्यामुळे धापोड्यांचे काय, ही चौकशी आधी करून घेतली. योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते आणि किमान १० टक्के स्वहिस्सा संस्थेला घालावा लागतो. मी यंत्र विक्रेत्याचे दरपत्रक मागवले, त्याने सोबत पाठवलेला नमुना अहवाल समोर ठेवला आणि १८,००,००० रुपयांचा, ४२ पानांचा प्रकल्प अहवाल लिहून काढला. त्यात वर्षाला ३०० दिवस उत्पादन धरले होते. हा आकडा आला कुठून, असे कोणी विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते. नमुना अहवालात तो होता, इतकेच.

बँकेच्या अधिकारी पाहणीला आल्या तेव्हा सकाळपासून झड लागली होती. हॉलमध्ये दोरीवर ओली कापडे होती आणि कोपऱ्यात रिकामे डबे रचून ठेवले होते. मॅडमनी आधी विजेचे बिल मागितले. ते सिंगल फेजचे निघाले, आणि दरपत्रकातल्या वाळवणी यंत्राला थ्री फेज लागणार होते. मग त्यांनी जागेचा करार मागितला. तो अकरा महिन्यांचा होता आणि कर्ज पाच वर्षांचे. या दोन प्रश्नांतच माझा अहवाल निम्मा गळून पडला, तरी त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त विचारले, “हे ३०० दिवस कसे काढले?”

मी अहवालातले पान शोधू लागलो. तेवढ्यात सचिवताईंनी खिळ्याला अडकवलेल्या चालू कॅलेंडरच्या मागून गेल्या वर्षीचे कॅलेंडर काढले आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवले. त्यात तारखांच्या चौकोनांत निळ्या पेनाने गोल आणि फुल्या होत्या. गोल म्हणजे ऊन मिळाले व माल वाळला, फुली म्हणजे माल बुरसला आणि टाकून द्यावा लागला. मार्च, एप्रिल आणि मे ही पाने गोलांनी भरलेली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार फुल्या होत्या आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात ज्वारीचे किलो लिहिले होते. जुलै आणि ऑगस्टची पाने कोरी होती. मॅडमनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेक महिना उलटत, पेनाच्या टोकाने प्रत्येक गोलावर हलकेच टेकवत मोजायला सुरुवात केली. हॉलमध्ये कोणी बोलत नव्हते, पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा होता. मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या, “एकशे अठ्ठावीस.”

मग त्यांनी योग्य तोच प्रश्न विचारला, जो मला सहा महिन्यांत सुचला नव्हता. यंत्र आल्यावर पावसाळ्यातही माल होईल हे मान्य, पण पावसाळ्यात तो घेणार कोण? सचिवताईंनी जुलैचे पान उलटून त्याची मागची बाजू दाखवली. तिथे पाककृतीच्या कडेच्या मोकळ्या जागेत नावे होती: इतवारीतला एक ठोक दुकानदार, सक्करदऱ्यातली दोन किराणा दुकाने, एक खानावळ. प्रत्येक नावापुढे किलो आणि शेवटी ‘नाही दिले’ असे दोन शब्द.

“मागायला येतात जी,” त्या म्हणाल्या, “आपल्याकडे नसते तर लिहून ठेवते. उन्हाळ्यात त्यांनाच आधी सांगता येते.”

बाजारपेठेच्या अभ्यासावर मी सहा पाने लिहिली होती. त्यांतली पाच नमुना अहवालातून जशीच्या तशी उचललेली होती हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

मॅडमनी तिथेच, डब्यावर कागद ठेवून हिशेब मांडला. ‘नाही दिले’ची बेरीज पाहता एवढ्या मोठ्या यंत्राची गरज नव्हती. सिंगल फेजवर चालणारे लहान वाळवणी यंत्र आणि पॅकिंगचे साधे यंत्र पुरेसे होते, आणि दळण वस्तीतल्या चक्कीवर चालू ठेवता येणार होते. नवा खर्च ७,२०,००० रुपयांच्या आसपास येत होता, म्हणजे अनुदान २,५२,००० आणि स्वहिस्सा ७२,०००.

खरा गोंधळ स्वहिश्श्यावर झाला. माझ्या जुन्या अहवालाप्रमाणे १,८०,००० रुपये, म्हणजे प्रत्येकी ७,५०० रुपये लागणार होते, हे हॉलमधल्या बहुतेकींना त्या क्षणी पहिल्यांदा कळले. मी तो आकडा तक्त्यात घातला होता, पण त्यांना मोठ्याने वाचून दाखवला नव्हता. एका काकूंनी पुढे येऊन आपण एकट्याच ६०,००० रुपये घालतो म्हणून सांगितले, पण हे पैसे भागभांडवल म्हणूनच घ्यायचे होते आणि सहकारी संस्थेत एका सदस्याला एकूण भागभांडवलाच्या एक-पंचमांशाहून अधिक भाग धारण करता येत नाहीत, त्यामुळे संस्थेच्या ४८,००० रुपयांच्या जुन्या भांडवलात नवी भर धरूनही त्यांची रक्कम मर्यादेबाहेर जात होती. शिवाय पैसे कितीही घातले तरी मत एकच, हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, की मताचे काय लोणचे घालायचे आहे? नव्या हिशेबाने प्रत्येकी ३,००० येत होते. तेवढे जमतील, असे म्हणत तीन-चार जणींनी माना डोलावल्या. बाकीच्या गप्प राहिल्या, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला मला पुढचे दोन आठवडे लागले. दोघींनी हप्त्याने पैसे भरले.

अनुदान हातात येत नाही, हेही त्या दिवशीच स्पष्ट करावे लागले. ती रक्कम बँकेत संस्थेच्या नावे वेगळी राहते, आणि तीन वर्षांनंतर खाते थकीत नसेल व उद्योग चालू असेल तरच ती कर्जात वळती होते. “म्हणजे सरकारचा पैसा तीन वर्षे बँकेतच बसून राहणार आणि हप्ता आम्ही भरणार?” असे अध्यक्षताईंनी विचारले. मॅडम म्हणाल्या, “हो, तसेच.” मी मध्ये पडून काही गोड शब्द घालणार होतो, पण अध्यक्षताईंना ते उत्तर पटल्यासारखे दिसले, म्हणून गप्प बसलो.

निघताना मॅडमनी कॅलेंडरच्या बाराही पानांच्या दोन्ही बाजूंच्या स्वसाक्षांकित प्रती प्रस्तावाला जोडायला सांगितल्या. सक्करदऱ्याच्या झेरॉक्स दुकानात ते पान काचेवर मावेना. प्रत्येक बाजू दोन तुकड्यांत काढावी लागली आणि बारा पानांचे अठ्ठेचाळीस कागद झाले. मध्येच वीज गेली, आणि ती येईपर्यंत पंख्याखालचे कागद एकमेकांत मिसळले. कोणता अर्धा कोणत्या महिन्याचा हे दुकानदाराला कळेना, मलाही कळेना. सचिवताई बाकावर बसून फुल्या आणि किलो पाहत ते लावू लागल्या. “हा जूनचा, चार फुल्या एका ओळीत आहेत,” असे म्हणत त्यांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात आकडा घातला आणि खाली सही केली.

सुधारित अहवाल अकरा पानांचा झाला. जागामालकाने पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करून द्यायला दिवाळीपर्यंत वेळ लावला, कर्ज त्यानंतर मंजूर झाले. वाळवणी यंत्र आता हॉलच्या त्याच कोपऱ्यात आहे जिथे रिकामे डबे होते, आणि त्याच्या शेजारच्या खिळ्यावर या वर्षीचे कॅलेंडर आहे. त्यात गोल आणि फुलीखेरीज एक त्रिकोणही दिसतो. तो यंत्रावर वाळवलेल्या दिवसाचा.