दाभोळची खाडी आणि पाऊणपट तिथी

दापोलीहून एसटीने दाभोळला उतरलो तेव्हा सव्वादहा झाले होते. पलीकडे धोपावे, तिथून पुढे गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट नसेल तर चिपळूणला वळसा घालूनच जावं लागतं. बोटीला वेळ होता म्हणून आधी चंडिकादेवीला जाऊन आलो. देऊळ गुहेत आहे आणि आत फक्त समयांचा उजेड. डोळे सरावेपर्यंत भिंतीला हात लावून चालावं लागतं.

१५व्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी भारत हिंडून याच बंदरातून परतीला निघाला होता. आज धक्क्यावर दोन पिकअप, काही मोटारसायकली आणि आम्ही मोजकी माणसं होतो.

बोटीत माझ्याशेजारी एक मावशी बसल्या. पायाशी रिकामी टोपली, तिच्यात फडक्यात गुंडाळलेली कोयती. कालवं फोडायला निघाल्या होत्या. उजव्या हाताच्या बोटांवर बारीक बारीक पांढरे व्रण, कालवाच्या शिंपल्या फार धारदार असतात. खडक उघडे असतील तेवढ्या वेळात काम उरकायचं असतं. मी विचारलं, "पाणी कधी भरेल, मावशी?"

"आज षष्ठी ना? साडेचारला पुरतं भरंल. मी त्याच्या कितीतरी आधी वर येते."

घड्याळाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला मात्र आप्पांचा, माझ्या आजोबांचा, ओटा आठवला. सुट्टीत आम्हा नातवंडांना तिथे बसवून ते विचारायचे, "आज चतुर्थी, भरती किती वाजता?" तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी पुरती ओहोटी. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. ज्याचं उत्तर आधी येईल त्याला शेंगदाण्याचा लाडू. मी पाढे पाठ असल्यामुळे बरेच लाडू खाल्ले.

पण आप्पांकडून खरं शिकायचं होतं ते या हिशेबात नव्हतं. ते मला बाबांकडून कळलं, आप्पांच्या तेराव्याच्या रात्री.

१९६४ साली बाबा नोकरीसाठी मुंबईला निघाले. तेव्हा मुंबईची आगबोट दाभोळला लागायची. दिवाळी नुकतीच झालेली, तिथी दशमी. दशमीची पाऊणपट साडेसात, म्हणजे दुपारी दीडला पुरती ओहोटी, आणि आगबोट गाठायला नेमकं त्याच सुमाराला निघायला हवं होतं. गावच्या किनाऱ्यापासून होडी लांब पाण्यात, मध्ये नुसता चिखल. एरवी अशा वेळी खाडीत पाय घालणाऱ्याला आप्पा शिव्या घालत. त्या दिवशी त्यांनी धोतर वर खोचलं, बाबांची ट्रंक डोक्यावर घेतली आणि होडीत ठेवून आले. मग पाठ करून खाली वाकले. "बस. नवी पँट आहे, नोकरीला चाललायस."

बाबा तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांना लाज वाटली, तरी बसले. प्रत्येक पावलाला आप्पांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा आणि तो उपसताना ते थोडे कण्हायचे. तो आवाज अगदी कानाशी होता, असं बाबा म्हणाले. होडी दाभोळकडे वळली तरी आप्पा चिखलातच उभे होते. परत जायला वळलेले बाबांनी पाहिले नाहीत.

मला वाटतं, नियम ज्याला पक्का ठाऊक असतो त्यालाच तो कुणासाठी मोडायचा हे कळतं. मी माझ्या मुलाला वेळ पाळायला खूप शिकवलं, हे दुसरं शिकवायचं राहिलं.

दहा-पंधरा मिनिटांत धोपावे आलं. टोपली उतरवायला मी हात दिला. मावशी "येते हां दादा" म्हणून झपाझप खडकांच्या दिशेने निघाल्यासुद्धा.

मी धक्क्यावरूनच डोंबिवलीला व्हिडिओ कॉल लावला. बाबांना हल्ली ऐकायला कमी येतं, म्हणून मोठ्याने सांगितलं, "बाबा, खाडीवर आहे. आज षष्ठी."

"मग आत्ता पार ओहोटी असेल," ते लगेच म्हणाले. थोडा वेळ गप्प राहिले. "चिखल दिसतोय का रे? दाखव जरा."

मी कॅमेरा फिरवून फोन खाली धरला.