तुम्ही विचारलंत म्हणून: उणे चार

"विकिपीडिया मुक्त आहे म्हणता, कोणीही लिहावं म्हणता, मग आमच्या गावाच्या पानावर मी लिहिलेलं तासाभरात का उडवलंत?" ठाण्यात राहून मराठी विकिपीडियावर काम करायचं तर हा प्रश्न चुकत नाही. विचारणारे घणसोलीचे असतात, शिरवण्याचे असतात, शहापूर-मुरबाडकडचे असतात, आणि त्यांचा राग खोटा नसतो. एकेकाला चर्चा पानावर दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा सगळं लिहिते.

'अलीकडील बदल'च्या यादीत पानाचं नाव, वेळ, सदस्यनाव, कंसात बाइटचा आकडा, म्हणजे मजकूर किती वाढला-घटला त्याचं माप, आणि लिहिला असेल तर सारांश, म्हणजे काय बदललं ते सांगणारी ओळ, एवढंच दिसतं. तुमचं गाव, वय, हेतू काहीच दिसत नाही. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे +३६ दिसलं की बारा चिन्हं वाढली. पान गावाचं असेल तर बहुतेक वेळा 'प्रसिद्ध व्यक्ती'खाली कोणीतरी आपलं नाव-आडनाव घातलेलं असतं. उणे चार-पाच हजार दिसलं की अख्खा विभाग पुसला गेलाय. हे दोन्ही उत्पात, म्हणजे पान बिघडवणारे बदल, पकडायला सोपे. अवघड असतो तो शून्याचा. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. त्या सालातले शेवटचे दोन अंक उलटे करून कोणी १८३५ केलं, तर यादीत नुसतं ० दिसतं. पान होतं तसंच वाटतं, आणि ते साल शाळेच्या प्रकल्पात आणि तिथून भाषणात जातं.

म्हणून आकड्यातला लहानसा बदल, स्रोत नाही, सारांश रिकामा, असं दिसलं की हात 'उलटवा'कडे, म्हणजे बदल रद्द करण्याकडे, जायचा. नव्या स्वयंसेवकांनाही मी हाच सल्ला द्यायचे: आधी उलटवा, मग बोला.

आता तो एक बदल, ज्याच्यामुळे हे लिहावंसं वाटलं. पान ठाणे जिल्ह्याचं. माहितीचौकटीत, म्हणजे पानावरच्या ठळक आकड्यांच्या तक्त्यात, लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, २०११ च्या जनगणनेची. एका नव्या सदस्याने ती ८०,७०,०३२ केली. आठ अंक आणि तीन स्वल्पविरामांच्या जागी सात अंक आणि दोन स्वल्पविराम. यादीत दिसलं −४. सारांश रिकामा, स्रोत नाही. मी उलटवला. त्याने पुन्हा केला. मी पुन्हा उलटवला आणि त्याच्या चर्चा पानावर इशाऱ्याचा साचा, म्हणजे तयार मजकूर, लावला. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा पुढचा साचा लावला, ज्यात अडवले जाल असं लिहिलेलं असतं. त्यानंतर त्याने त्या पानाला हात लावला नाही.

कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ते पान उघडलं. चौकटीत क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १,१०,६०,१४८, घनता २,६२५. घनतेपाशी थांबले, कारण ती फार वाटली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वसई, वाडा, जव्हार, मोखाडा, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड हे आठ तालुके तिकडे गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर, मुरबाड, उल्हासनगर, अंबरनाथ हे सात इकडे राहिले. अखंड जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,५५८ होतं. विभाजनानंतर कोणीतरी क्षेत्रफळ नवं घातलं होतं आणि लोकसंख्या जुनीच राहिली होती. अखंड जिल्ह्याची घनता साधारण १,१५७ येते, आताच्या जिल्ह्याची १,९१५. २,६२५ ही घनता कुठल्याच ठाणे जिल्ह्याची नाही, आणि तीन वेळा 'उलटवा' दाबून मी तीच जपली होती. पालघरची लोकसंख्या २९,९०,११६. तिच्यात ८०,७०,०३२ मिळवले. बेरीज १,१०,६०,१४८ आली. एका माणसाचाही फरक नाही.

मग त्या सदस्याचं चर्चा पान उघडलं. माझ्या दुसऱ्या इशाऱ्याखाली एक ओळ होती, सही नसलेली: "पालघर वेगळा झाला ना?"

ती ओळ मला वेळेवर का दिसली नाही, याचं कारण तांत्रिक आहे. नवा माणूस इशारा मिळाला की स्वतःच्याच चर्चा पानावर उत्तर लिहितो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याची सूचना समोरच्याला आपोआप जातेच असं नाही. समोरच्याच्या सदस्य पानाचा दुवा आणि स्वतःची सही, म्हणजे त्या चार लाटांच्या खुणा (~~~~), दोन्ही एकाच बदलात जतन व्हाव्या लागतात. सही करायची राहून गेली तर सूचना जात नाही. 'उत्तर द्या'च्या दुव्यावरून लिहिलं तर सही आपोआप पडते, पण दुवा घालायचा हे साच्यात कुठेच सांगितलेलं नव्हतं. तांत्रिक कारण असलं, तरी इशारा लावल्यावर ते पान पहाऱ्याच्या सूचीत, म्हणजे ज्यांवरचे बदल आपल्याला दिसत राहतात त्या पानांच्या यादीत, टाकणं माझ्या हातात होतं. मी टाकलं नाही.

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, स्रोत नव्हता, सारांश नव्हता, चर्चा नव्हती, तीनदा तेच केलं. उत्पात करणारा यापेक्षा वेगळं काय करतो? हे खरं आहे. पण चौकटीतल्या जुन्या आकड्यालाही स्रोत नव्हता. तो फक्त आधीपासून तिथे होता. स्रोत मी नव्याकडे मागितला, जुन्याकडे नाही. याला तेव्हाच्या मीकडे उत्तर नाही. तरीही सल्ला बदलावा का, हे मला आजही ठरवता येत नाही. आकडा आधी राहू द्यावा आणि मग विचारावं, तर तो शून्याचा उत्पात महिनोन्‌महिने पानावर बसतो. तसंही पाहिलंय.

उलटवण्यातही चूक होते, आणि ती जुने लोकच करतात. एकाने ओळीने तीन बदल केले आणि तुम्ही फक्त शेवटचा उलटवला, तर यादीत वर तुमचं विश्वासाचं नाव येतं, पुढे कोणी बघत नाही, आणि पहिले दोन तसेच राहतात. म्हणून पानाचा इतिहास उघडायचा, शेवटची चांगली आवृत्ती आणि आताची आवृत्ती समोरासमोर ठेवायची, आणि मधे कोणाचं चांगलं काम आहे का ते बघायचं. द्रुतमाघार नावाची सोय शेवटच्या सदस्याचे सलग सगळे बदल एका फटक्यात काढते, पण का काढले ते सांगत नाही. ती उघड शिवीगाळीसाठी. आकड्यांसाठी वापरू नये.

गावाच्या पानांचं मात्र मी मागे घेत नाही. 'कार्यसम्राट', 'लाडके नेतृत्व' हे निघणारच. वर्तमानपत्रातून उचललेला परिच्छेद निघणारच, कारण इथला मजकूर कोणालाही, अगदी विकण्यासाठीसुद्धा, पुन्हा वापरता यायला हवा, आणि ती परवानगी त्या लेखाच्या मालकाने दिलेली नसते. गावाचा इतिहास आजोबांनी सांगितला असेल तर तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. वाचणाऱ्याला तो पडताळता यायला हवा, एवढंच. ठाण्याचा १८८२ चा जुना गॅझेटिअर आहे, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पुस्तकाचं नाव, साल आणि पान क्रमांक दिलात, तर तुमची ओळ माझ्यापेक्षा जास्त टिकेल.

आणि सारांश लिहा. मोबाइलवर तो जतन करण्याच्या आधीच्या पायरीला येतो आणि रिकामा सोडला तरी पुढे जाता येतं, तिथेच घोळ होतो. 'पालघर वेगळा झाल्यानंतरचा आकडा' एवढे चार शब्द असते, तर मी ते तीन वेळा 'उलटवा' दाबलं नसतं.

नवी मुंबईच्या पानावरही हेच चालतं. 'स्थापना' या ओळीत कोणी १९७० लिहितो, कारण नवी मुंबई वसवणारी सिडको १७ मार्च १९७० ची. कोणी १९९२ करतो, कारण महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ची. दोघे एकमेकांना उत्पाती समजतात. खारघर पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात आहे म्हणून एक जण ते नवी मुंबईच्या पानावरून काढतो, आणि सिडकोच्या नवी मुंबईत आहे म्हणून दुसरा परत घालतो. ओळ एक आणि प्रश्न दोन, असं असेल तर ओळ फोडून दोन करायला हव्यात. हे सुचायला बहुतेक वेळा दोघेही दमलेले असावे लागतात.

ठाणे जिल्ह्याच्या चौकटीवर आम्हा स्वयंसेवकांचं अजून एकमत नाही. एक म्हणतो, २०११ ला जनगणनेने मोजला तो अखंड जिल्हा, तोच आकडा टीप देऊन ठेवा. दुसरा म्हणतो, क्षेत्रफळ आजचं तर लोकसंख्याही आजच्या हद्दीची हवी. तिसऱ्याला दोन्ही हवेत, पण चौकटीत ओळ एकच. मला दुसऱ्याचं पटतं, तरी पहिल्याचं खोडून काढता येत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. ते आकडे आले की वाढीचा दर काढायला २०११ चा कोणता आकडा धरायचा, यावर हाच वाद पुन्हा होईल, पालघरच्या पानावरही.

त्या सहीशिवायच्या ओळीखाली मी उत्तर लिहिलंय, त्याच्या नावाच्या दुव्यासकट. त्याचं उत्तर आलेलं नाही. जिल्ह्याच्या चर्चा पानावर तिन्ही आकडे तालुक्यांच्या नावांसकट मांडून ठेवलेत. त्यात चूक दिसली तर तिथेच लिहा, आणि खाली सही करा.